दूरच्या युद्धात देश उतरला की लोक रस्त्यावर का येतात? बडोद्याच्या बैठकीत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न

दांडिया बाजारात एका स्नेह्यांच्या घरी आम्ही दहा-बारा मराठी माणसं महिन्यातून एकदा जमतो. वर्तमानपत्रातला एखादा विषय घ्यायचा आणि दोन तास त्यावर बोलायचं, एवढाच नेम. युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हापासून एक विषय सारखा वर येतो आणि गाझाच्या बातम्यांनंतर तर प्रत्येक बैठकीत येतो. बाहेरच्या देशांत लोक आपल्याच सरकारच्या युद्धाविरुद्ध मोर्चे काढतात, ते का? मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे "बाई, तुम्ही सांगा" असं म्हणून प्रश्न माझ्याकडे सरकवले जातात. दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं, म्हणून हे पान. या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

परक्या युद्धातला सहभाग म्हणजे नक्की काय धरायचं?

सैन्य पाठवणं तर झालंच. पण दुसऱ्याच्या युद्धाला शस्त्रं देणं, पैसा देणं, आपले विमानतळ आणि बंदरं वापरू देणं हाही सहभागच. स्वतःच्या सीमेवर कुणी चालून आलं तर त्याला परतवणं ही निराळी गोष्ट आहे आणि त्याविरुद्ध मोर्चे निघाल्याची उदाहरणं फार थोडी. अडचण अशी की, हजारो मैलांवर सैन्य पाठवणारं सरकारही "हे आपल्याच सुरक्षेसाठी" असंच सांगतं. म्हणून सीमारेषा नकाशावर जितकी स्पष्ट दिसते, तितकी वादात दिसत नाही.

मग लोक नेमके कशासाठी चिडतात?

माझ्या आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत आईला एक पावती सापडली होती. तळहाताएवढा पिवळा पडलेला कागद, कोपऱ्यात टाचणीचा गंज, वर जांभळा शिक्का आणि शाईने लिहिलेलं: "वॉर फंड, रु. २". आजोबा कारकून होते. महिना तीस रुपयांच्या आत पगार, आणि ही रक्कम त्यातूनच वळती झालेली. त्याच महिन्यात धाकट्या आत्याला टायफॉइड झाला होता, त्यामुळे ते दोन रुपये आजीच्या मनातून कधी गेले नाहीत. ती म्हणायची, "द्यायचे नव्हते असं नाही. पण विचारलं होतं का कुणी?"

जगभरातल्या युद्धविरोधी मोर्चांबद्दल मी जे काही वाचलं, त्याच्या मुळाशी मला आजीचा हाच प्रश्न दिसतो. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत दुसऱ्या महायुद्धात उतरल्याचं जाहीर केलं. लोकांनी निवडून दिलेल्या एकाही प्रतिनिधीला त्याआधी विचारलं नव्हतं. त्या निषेधात काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. नाझींबद्दल कुणाला प्रेम होतं असं नाही. आपली माणसं, आपला पैसा आणि निर्णय मात्र दुसऱ्याचा, हे सहन झालं नाही. पुढे त्या युद्धात २५ लाखांच्या आसपास भारतीय सैनिक होते. बडोद्याच्या पैशाचीही एक आठवण इंग्लंडच्या हवाई दलात राहिली: त्यांच्या १२४ क्रमांकाच्या लढाऊ स्क्वाड्रनच्या, म्हणजे विमानांच्या तुकडीच्या, नावात "बरोडा" होतं. आजोबांचे दोन रुपये कुठे गेले ते कळायला मार्ग नाही, पण त्या काळच्या इंग्लंडच्या स्पिटफायर लढाऊ विमानाचा फोटो पाहिला की मला ती पावती आठवते.

पैशाइतकंच कारण म्हणजे मुलं. अमेरिकेत व्हिएतनामच्या युद्धासाठी सक्तीची भरती होती. १ डिसेंबर १९६९ ला तिथे एक सोडत काढली गेली. काचेच्या मोठ्या बरणीत निळ्या प्लास्टिकच्या ३६६ कुप्या होत्या आणि प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. टीव्हीवर सगळा देश बघत असताना पहिली कुपी उघडली, १४ सप्टेंबर निघाली. त्या दिवशी जन्मलेली १९ ते २५ वर्षांची मुलं भरतीच्या यादीत पहिली. भिशीची चिठ्ठी काढावी तशी ही चिठ्ठी, आणि तिच्यावर मुलाचं आयुष्य. ज्या घरात असा मुलगा होता, तिथल्या आईबापांना परराष्ट्र धोरणात रस कसा आला, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं कारण सावकाश वर येतं, पण आलं की सगळ्यात खोल जातं. ते म्हणजे आपल्या नावाने दुसऱ्या माणसांचं काय केलं जातंय. व्हिएतनाममधल्या माय लाय गावात मार्च १९६८ मध्ये अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांना ठार मारलं. बायका, म्हातारी माणसं, तान्ही मुलं. दीड वर्षाहून अधिक काळ ते दडवलं गेलं. नोव्हेंबर १९६९ मध्ये ते छापून आलं तेव्हा, ज्यांच्या घरातलं कुणीही सैन्यात नव्हतं अशी माणसंही हादरली.

बाई, पण बडोद्यात बसून आपल्याला काय त्याचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं. कारण या वादाची मुळं आपल्या पायाखाली आहेत.

१९१८ पासून सुरुवात करू. नडियाद इथून गाडीने तासाभरावर. त्या वर्षी खेडा जिल्ह्यात गांधीजी आणि वल्लभभाई गावोगाव हिंडत होते, आणि ते ब्रिटिश सैन्यात भरती व्हा असं सांगत! पहिल्या महायुद्धात साम्राज्याला मदत केली तर स्वराज्याचा हक्क पक्का होईल, अशी गांधीजींची तेव्हाची समजूत होती. त्याच शेतकऱ्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी शेतसाऱ्याच्या सत्याग्रहात त्यांना बैलगाड्या फुकट दिल्या होत्या. आता पैसे देऊनही गाडी मिळेना. जेवणाची सोय होईना, म्हणून दोघं शिदोरी बांधून घेऊन दिवसाला वीस-वीस मैल पायी चालत. गावकरी विचारत: तुम्ही अहिंसेचं बोलता, मग शस्त्र घ्यायला कसं सांगता? या सरकारने आपलं काय भलं केलं, म्हणून त्याला मदत करायची? हे सगळं गांधीजींनी स्वतः लिहून ठेवलंय, काहीही न लपवता. ना मोर्चा, ना फलक. बैलगाडी द्यायची नाही, बस. परक्या युद्धाला सामान्य माणसाने केलेल्या विरोधाचं याहून स्वच्छ चित्र मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही, आणि ते वासद-आणंदच्या पलीकडे, आपल्या शेजारात घडलं.

त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईला गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्ध परिषद भरवली. टिळक बोलायला उभे राहिले. युद्धाला मदत करू, पण स्वराज्याचं काय, या वळणावर भाषण येताच गव्हर्नरांनी त्यांना थांबवलं. टिळक सभा सोडून निघून गेले.

आता १९४० वर या. बडोद्याशी नातं असलेली तीन माणसं, एकच युद्ध आणि तीन वेगळ्या वाटा.

विनोबा कोकणातल्या गागोद्याचे, पण वडील बडोद्याला नोकरीला, म्हणून त्यांचं शाळा-कॉलेज इथलं. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. त्याआधी आपली प्रमाणपत्रं त्यांनी आईसमोर चुलीत घातली होती. तेच विनोबा १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला उभे राहिले आणि या युद्धाला माणसं किंवा पैसा देऊन मदत करणं चूक आहे, असं जाहीर बोलले. एकेका माणसाने पुढे होऊन युद्धाविरुद्ध बोलायचं, या गांधीजींच्या वैयक्तिक सत्याग्रहाचे ते पहिले सत्याग्रही. चारच दिवसांत त्यांना अटक झाली.

दुसरे श्रीअरविंद. १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोदे संस्थानच्या नोकरीत. आमची बैठक भरते तिथून चालत गेलं तर अरविंद निवासाचा बंगला लागतो. इंग्रजांविरुद्ध आग ओकणारे, त्यासाठी तुरुंगात गेलेले. पण सप्टेंबर १९४० मध्ये त्यांनी पाँडिचेरीहून मित्रराष्ट्रांच्या युद्धनिधीला देणगी पाठवली. हिटलर जिंकला तर माणुसकीचंच भवितव्य धोक्यात येईल, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या अनेक चाहत्यांना तेव्हा ते पटलं नाही.

तिसरे डॉ. आंबेडकर. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकले, १९१७ मध्ये इथे नोकरीला आले आणि जातीमुळे या शहरात त्यांना राहायला घर मिळालं नाही. कमाटीबागेतली संकल्पभूमी ही त्या दिवसाची खूण. दुसऱ्या महायुद्धात त्यांनीही नाझींविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला. महार रेजिमेंट ऑक्टोबर १९४१ मध्ये उभी राहिली, तिच्यामागे त्यांचा आग्रह होता.

या तिघांत कोण बरोबर, यावर आमच्या बैठकीत आवाज चढलेत. माझं मन विनोबांकडे जातं, डोकं पुष्कळदा आंबेडकरांकडे. पण तिघांनीही हा प्रश्न स्वतःला विचारला, उत्तर चारचौघांत मांडलं आणि त्याची किंमत सोसली. बडोद्याला काय त्याचं, असं मला तरी म्हणवत नाही.

आजचंही सांगते. लष्करी मालवाहू विमानं बनवणारा कारखाना आपल्या शहरात आलाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आपल्या हवाई दलासाठी घेतलेल्या ५६ सी-२९५ विमानांपैकी ४० इथे बांधली जायची आहेत. आमच्या ओळखीतली मुलं तिथे नोकरीला आहेत आणि त्याचा मला अभिमान वाटतो. पण जे शहर विमानं बांधतं, त्या शहराला ती पुढे कुठे आणि कशासाठी उडतात हे विचारण्याचा हक्क जरा जास्तच आहे.

युद्धाला विरोध म्हणजे जवानाला विरोध नाही का?

नाही. पण हा गैरसमज उगाच झालेला नाही. व्हिएतनामहून परतलेल्या काही अमेरिकी सैनिकांना आपल्याच लोकांकडून तुसडेपणा वाट्याला आला, आणि ते वाईट झालं. आपल्याकडे १९८७ ते १९९० या काळात आपली शांतिसेना श्रीलंकेत होती. बाराशेच्या आसपास जवान तिथे कामी आले. लढाई तिथल्या तमिळ बंडखोरांशी होती, म्हणून तमिळनाडूत या मोहिमेवर तीव्र नाराजी होती. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी चेन्नईला, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला परतली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यांची राजकीय बाजू मला समजते, तरी बोटीवरून उतरणाऱ्या त्या मुलांचा विचार केला की गळा दाटून येतो. त्यांनी थोडीच मोहीम ठरवली होती? मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले. छातीत गोळी लागलेली असतानाही लढले आणि परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. त्यांच्या शौर्याला नमस्कार करायचा आणि त्यांना तिथे पाठवण्याच्या निर्णयाची झाडाझडतीही घ्यायची. दोन्ही एकाच माणसाला करता येतं. करायलाच हवं.

खरं तर युद्धाविरुद्ध सगळ्यात जड शब्द सैनिकांचा आणि त्यांच्या आयांचा असतो. एप्रिल १९७१ मध्ये व्हिएतनामहून आलेल्या शेकडो सैनिकांनी वॉशिंग्टनला संसदेच्या पायऱ्यांसमोर आपली पदकं फेकून दिली. इस्रायलमध्ये फेब्रुवारी १९९७ मध्ये लेबनॉनकडे निघालेली दोन हेलिकॉप्टरं एकमेकांवर आदळून ७३ सैनिक गेले. त्यानंतर उत्तरेकडच्या चार आयांनी, ज्यांची मुलं सैन्यात होती, दक्षिण लेबनॉनमधून बाहेर पडा ही मागणी लावून धरली. "चार आया" याच नावाने ती चळवळ ओळखली गेली. सुरुवातीला त्यांना भावनाप्रधान बायका म्हणून झटकलं गेलं. मे २००० मध्ये सैन्य परत आलं.

सरकारकडे गुप्त माहिती असते. आपल्यासारख्याला काय कळतं?

आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी नेहमी हे म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. सगळी माहिती उघड करता येत नाही हे खरंच. पण इतिहासाने दोन वेळा तरी या विश्वासाला मोठा तडा दिलाय.

ऑगस्ट १९६४. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दुसऱ्यांदा हल्ला झाला, असं अमेरिकी सरकारने सांगितलं. त्या भरात संसदेने अध्यक्षांना युद्धाची मोकळीक दिली. कनिष्ठ सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य, वरिष्ठ सभागृहात ८८ विरुद्ध २. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे सरकारच्याच कागदपत्रांवरून स्पष्ट झालं. १९७१ मध्ये, सरकारी कामात राहिलेले डॅनियल एल्सबर्ग यांनी संरक्षण खात्याचा या युद्धावरचा गुप्त अहवाल वर्तमानपत्रांना दिला, तेव्हा कळलं की सरकार लोकांना एक सांगत होतं आणि आत दुसरंच बोललं जात होतं. या युद्धात ५८ हजारांवर अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी माणसं त्याच्या कितीतरी पट.

दुसरी वेळ इराकची. २००३ मध्ये सांगितलं गेलं की तिथले सत्ताधीश सद्दाम हुसेन यांच्याकडे महासंहारक शस्त्रं आहेत. ब्रिटनचे मंत्री रॉबिन कुक यांना ते पटलं नाही आणि १७ मार्चला त्यांनी राजीनामा दिला. मंत्रिमंडळात बसणारा हा माणूस, म्हणजे गुप्त माहितीपासून लांब होता असं कोण म्हणेल? शस्त्रसाठे सापडले नाहीत. २०१६ मध्ये इराक युद्धावरच्या ब्रिटनच्याच चिलकॉट चौकशीने सांगितलं की शांततेचे मार्ग संपण्याआधी युद्ध सुरू केलं गेलं.

म्हणून मी बँकवाल्या काकांना म्हणते, आपल्याला सगळं कळत नाही हे मान्य. पण कर्ज देताना तुम्ही कागद मागायचात ना? इथे तर माणसं द्यायची आहेत.

युद्ध चालू असताना असं बोलणं हा देशद्रोह नाही का?

काही देशांत कायद्याने तसं ठरवलंय. रशियात मार्च २०२२ च्या सुरुवातीला कायदा आला. सैन्याबद्दल "खोटी माहिती" पसरवली तर १५ वर्षांपर्यंत कैद. युद्धाला युद्ध म्हणणंही धोक्याचं झालं. तेव्हा काही लोक चौकात कोरा कागद धरून उभे राहिले. एक अक्षर नाही त्यावर, तरी पोलिसांनी त्यांना धरून नेलं. तो व्हिडिओ आमच्या बैठकीत कुणीतरी मोबाईलवर दाखवला, तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

हे फक्त तिकडचंच असं समजू नका. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने समाजवादी नेते यूजीन डेब्स यांना एका युद्धविरोधी भाषणासाठी १० वर्षांची शिक्षा दिली होती. ब्रिटनने तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलना सहा महिने आत टाकलं. अमेरिकी मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांनी १९६७ मध्ये भरती व्हायला नकार दिला, तर जगज्जेतेपद काढून घेतलं आणि पाच वर्षांची शिक्षा सुनावली. तुरुंगात जावं लागलं नाही, पण उमेदीची वर्षं रिंगणाबाहेर गेली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली.

आपल्याकडे राज्यघटनेचं कलम १९ बोलण्याचं आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य देतं. त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, आणि त्यांत "परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध" हेही एक कारण आहे. ते १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं. पुष्कळ जणांना हे माहीत नसतं. आणि कलम ५१ वाचा. आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटावं, असं घटना राज्याला सांगते. शांततेची मागणी करणारा माणूस घटनेच्या बाहेर उभा नसतो.

भारताने कधी अशा युद्धाला नाही म्हटलंय का?

हो, आणि हे आपण मुलांना पुरेसं शिकवत नाही.

१९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं तेव्हा भारताने लढाऊ फौज पाठवली नाही. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पाठवली, म्हणजे डॉक्टर आणि शुश्रूषा करणारी माणसं. जखमी सैनिकांवर त्यांनी उपचार केले, साध्या नागरिकांवरही केले.

२००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी एक पूर्ण डिव्हिजन मागितली, सुमारे १७ हजार सैनिक. त्याआधी एप्रिलमध्ये लोकसभेने युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केला होता. हिंदी मसुद्यात "निंदा" हा शब्द होता, इंग्रजीत त्याहून मवाळ शब्द आला, आणि त्यावरही चर्चा रंगली. सैन्य पाठवायचं की नाही, यावर दिल्लीत आठवडेच्या आठवडे खल झाला. पाठवावं म्हणणारी वजनदार माणसं होती. १४ जुलैला वाजपेयी सरकारने कळवलं की संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय आम्ही येणार नाही. पुढच्या काही वर्षांत इराकमध्ये काय झालं ते आठवा, आणि मग आपल्या इकडच्या किती घरांत मुलं सुखरूप राहिली याचा विचार करा. आमच्याकडचा एक माजी सैनिक, तेव्हा तो नोकरीत होता, सांगतो की त्यांच्या युनिटमध्ये जाण्याची तयारी करा असं कानावर आलं होतं. त्याच्या बायकोने त्या जुलैत तुळजापूरचा नवस फेडला.

अशा निर्णयासाठी भारतात संसदेचं मतदान बंधनकारक नाही. मंत्रिमंडळ ठरवू शकतं. म्हणून तर बाहेरच्या आवाजाची जास्त गरज.

कधीकधी परक्या युद्धात उतरणं योग्यही असतं ना?

असतं. १९७१ चं बांगलादेशचं युद्ध घ्या. एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्याकडे आले होते, पलीकडे कत्तल चालू होती. तेव्हा भारताने केलं ते मला चूक वाटत नाही. अरविंदांची आणि आंबेडकरांची बाजू वर सांगितलीच. सगळं युद्ध पाप, असं म्हणणारे खरे शांततावादी थोडे. रस्त्यावर येणारे बहुतेक लोक "हे युद्ध" आणि "या कारणासाठी" असं म्हणत असतात. दोन्हींत गल्लत करू नये.

मोर्च्याने युद्ध थांबतं का?

१५ फेब्रुवारी २००३ ला इराकच्या युद्धाविरुद्ध जगातल्या शेकडो शहरांत एकाच दिवशी माणसं उतरली. लंडनमध्ये पोलिसांच्या हिशेबानेही साडेसात लाख. महिन्याभरानंतर युद्ध सुरू झालंच. त्या दिवशी चाललेल्या कितीतरी लोकांनी नंतर पुन्हा कधी मोर्च्यात पाऊल टाकलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. स्पेनमध्ये जनमत ठामपणे विरोधात असताना सरकार युद्धात गेलं होतं. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, तीन दिवसांत निवडणूक झाली, सरकार गेलं, आणि नव्या पंतप्रधानांनी काही आठवड्यांत सैन्य परत आणलं. ब्रिटनमध्ये २९ ऑगस्ट २०१३ ला सीरियावर हल्ल्याचा प्रस्ताव आला. २८५ विरुद्ध २७२ मतांनी तो पडला. दहा वर्षांपूर्वीच्या इराकची आठवण त्या सभागृहात प्रत्येकाच्या डोक्यात होती. २००३ चा मोर्चा २०१३ च्या मतदानात पोचला, असं मी म्हणते. बँकवाले काका म्हणतात हे जरा जास्तच ओढलंय. असेल. पण व्हिएतनामचा विरोधही १९६५ पासून वाढत वाढत जाऊन १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. हे काम उसाचं आहे, मेथीचं नाही.

गरीब-श्रीमंत हा मुद्दा यात कुठे येतो?

सगळीकडे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये बोलले तेव्हा हेच त्यांच्या म्हणण्याचं मूळ होतं. गरिबी हटवायला ठेवलेला पैसा युद्धात चाललाय, आणि ज्या काळ्या मुलांना घरी बरोबरीचे हक्क नाहीत, त्यांना दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी आठ हजार मैलांवर पाठवलं जातंय. आपल्याकडचंच बघा. नोकरीच्या आमिषाने रशियाला गेलेल्या भारतीय तरुणांना युद्धात ढकललं गेलं, त्यांतले काही मेले, आणि त्यांत गुजरातेतली मुलंही होती. एजंटला लाखो रुपये देऊन ती गेली होती, मदतनीसाचं काम म्हणून. अंबानी-अदानींच्या घरातलं कुणी तिथे असणार नाही, हे सांगायला अभ्यास लागत नाही.

बडोद्यात सभा किंवा मूक मोर्चा काढायचा तर काय करावं लागतं?

पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात आधी अर्ज द्यायचा. दिवस, वेळ, मार्ग, अंदाजे किती माणसं आणि जबाबदार व्यक्तींची नावं. माइक लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी. शहरात जमावबंदी लागू नाही ना ते पाहून घ्या. पूर्वीचं कलम १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झालंय. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा.

नातवंडांना हे कसं सांगायचं?

भाषण देऊ नका. मी माझ्या दहा वर्षांच्या नातवाला त्या निळ्या कुप्यांची गोष्ट सांगितली. लगेच म्हणाला, "माझी तारीख कितवी निघाली?" इंटरनेटवर यादी काढली. त्याचा वाढदिवस ३० डिसेंबरचा, नंबर तिसरा. बराच वेळ त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. मग यादीत सगळ्यात शेवटी कोण ते शोधलं. ८ जून, ३६६ वा.

"आजी, त्या मुलाने काय वेगळं केलं होतं?" त्याने विचारलं.